छापलेली लंकाबाई

घोडेगाव,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय वृषे,

सप्रेम नमस्कार. इकडं सगळं क्षेम आहे, तुमच्याकडंही असेल. परवा नारायणगावच्या बाजारात तुझ्या प्रतिभाकाकू भेटल्या. टोमॅटोचा भाव पडला म्हणून त्यांनी सरकारला दोन शिव्या घातल्या आणि मग "आमच्या वृषीचं पुस्तक वाचलंस का गं?" असं अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं विचारलं. मी हो म्हणाले आणि गप्प बसले. एरवी माझं तोंड कधी बंद असतं का? काकू जाताना माझ्याकडं वळून वळून बघत होत्या.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर मी ओरडेन, तू रडशील, आणि तू रडलीस म्हणून मीच तुझी समजूत घालत बसेन. हॉस्टेलपासून आपलं हेच चाललंय. शिवाय मी तुला पत्र लिहिणंच मुळात चूक आहे. जुन्नरच्या वाचनालयानं यंदाच्या कुमार कादंबरी पुरस्काराला मला परीक्षक केलंय आणि तुझं पुस्तक त्यात आहे. परीक्षकानं लेखकाशी बोलायचं नाही असा नियम आहे. नियम गेला खड्ड्यात.

आम्ही तिघं परीक्षक. एक निवृत्त मुख्याध्यापक चिमाजी गुरुजी, एक कॉलेजात शिकवणारी अश्विनी, आणि तिसरी मी. पुस्तकं सगळी नवीकोरी, आणि प्रत्येकात एक तर जादू नाहीतर खून. बाई गं, दिवाळीच्या सुट्टीत काय काय वाचलं मी! जादूची कादंबरी असली की पोराच्या अंगावर जन्मखूण पाहिजेच, आणि ती पौर्णिमेला चमकलीच पाहिजे. रहस्यकथा असली की गुप्तहेर पोरगी चष्मेवाली आणि पोलीस असे बावळट की उजवी चप्पल डाव्या पायात घालतील. एकात तर सह्याद्रीतल्या गुहेतून ड्रॅगन निघाला. गुरुजी म्हणाले, त्यानं आधी लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून दाखवाव्यात, मग बघू. आमचं हसणं-खिदळणं बरं चाललं होतं.

तुझी 'सातवी पारंबी' मी मुद्दाम शेवटाला ठेवली होती. ती मला आत्याबरोबर वाचायची होती; तिच्याकडं राहूनच तर तुला ती सुचली.

तू कुरियरनं पाठवलेली प्रत डिंभ्याच्या दुकानात येऊन पडली होती. एष्टीच्या ड्रायव्हरनं ती आहुप्याला पोचवली. आत्यानं मला निरोप धाडला, पुस्तक आलंय, सुट्टी लागली की ये आणि वाचून दाखव. मी गेले तर पुस्तक देव्हाऱ्यात, खंडोबाच्या टाकाशेजारी, वर हळद-कुंकू. पहिल्या पानावर तुझं अक्षर: 'लंकाआत्याला, जिच्याशिवाय हे पुस्तक झालंच नसतं.' तेवढं पान तिनं आल्यागेल्याला दाखवून दाखवून मळवून टाकलंय. तिला वाचता येत नाही, पण आपलं नाव कुठल्या ओळीत आहे ते बरोबर ठाऊक आहे. तिथं बोट ठेवते आणि म्हणते, "ही मी."

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर बायका जमल्या. शेजारची अंजना, तिची दिवस भरत आलेली सून सोनल, आणखी चार-पाच जणी. दिवसा गोष्ट ऐकली की मामा वाट चुकतो म्हणून अंजनानं टोमणा मारला, तरी सगळ्यांत पुढं तीच बसली. आत्या नवं लुगडं नेसून मधोमध. मी वाचायला लागले. पुण्याची मुक्ता सुट्टीला डोंगरातल्या गावात येते, एष्टी घाटात बंद पडते, धुक्यात हिरड्याची झाडं दिसतात. बायका खूश. "ही आपलीच एष्टी गं," म्हणून हसल्या. खरंच इतकं हुबेहूब लिहिलंयस की मलाच तुझा हेवा वाटला.

आणि मग ते पान आलं. 'दारात लंकाबाई उभी होती.' एवढं वाचल्यावर आत्या अशी लाजली गं, पदर तोंडाला लावला. सगळ्या तिच्याकडं बघून हसल्या. माझे डोळे तोवर पुढच्या ओळीवर गेले होते. 'तिच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके होते. तिच्या हातांनी गावातलं प्रत्येक मूल जगात आणलं होतं, आणि त्यातली सहा परत नेली होती.'

खरं सांगते, मला वाटलं मी चुकीचं वाचतेय. पुन्हा वाचलं. तेच होतं. खाली आणखी होतं, चेटकीण हा शब्द होता. आत्या म्हणाली, "थांबलीस का गं? वाच की." मी म्हणाले, चष्म्यावर धूळ बसलीय. चष्मा पुसला, आणि वाचलं, 'तिच्या हातांनी गावातलं प्रत्येक मूल जगात आणलं होतं.' आणि तिथंच पूर्णविराम दिला.

त्या दुपारी मी जे केलं ते मला जन्मात जमलं नसतं. साधा रजेचा अर्ज लिहायला मी चारदा खोडते. पण पुस्तकावर नजर ठेवून, पानं उलटत उलटत, मी तुझी अख्खी कादंबरी बदलली. माझ्या गोष्टीत चेटूक करणारा कुणी परगावचा बुवा झाला आणि लंकाबाईनं राईत एकटीनं जाऊन सगळी पोरं सोडवून आणली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आत्या डोळे पुसत म्हणाली, "बगा, माजी वृषाली."

घरी येऊन खरं पुस्तक वाचलं आणि पुन्हा हबकले. तू पाचवीसुद्धा घातलीस त्यात. आमच्याकडं बाळाच्या पाचवीला सटवाई नशीब लिहायला येते म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, आणि दिवा विझू नये म्हणून सुईण, म्हणजे आत्या, त्याच्याजवळ बसते. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, पण पाचवीचा मान अजून तिचाच. तो मान बघायला तू तिच्याबरोबर गेली होतीस. तुझ्या पुस्तकात लंकाबाई तो दिवा फुंकते आणि सटवाई यायच्या आत स्वतःच कागदावर लिहिते. मग ते पोर मोठं झालं की राईत जातं आणि वडाची पारंबी होऊन लोंबकळतं. कल्पना जबरदस्त आहे. वाचताना माझ्या अंगावर काटा आला, हेही खरं.

पण वृषे, नाव? गावाचं नाव बदललंस, राईतल्या देवाचं बदललंस, आणि माणसाचं तेवढं तसंच? गोंदण तेच, घरामागचा हिरडा तोच. तू म्हणशील, मी विचारलं होतं. हो, माझ्यासमोर विचारलंस. "आत्या, तुझं नाव घालू का पुस्तकात?" ती म्हणाली, "घाल की बाय, मागं कोण हाय माजं नाव घ्यायला." कुठं घालणार ते सांगितलं होतंस का? आईबाप गेल्यावर मला या बाईनं वाढवलंय. तुझ्या चेटकिणीला तुझ्या प्रतिभाकाकूंचं नाव का नाही सुचलं?

आता माझं ऐक. निवडलेल्या पाच पुस्तकांची एकेक प्रत मुलांनी वाचायला म्हणून डोंगरातल्या शाळांना जाणार आहे. आहुप्यालाही जाईल. त्याआधी प्रकाशकाला फोन कर, पुस्तक मागं घे, नाव बदल. मी अजून कुणाला काही बोललेली नाही.

आत्या बरी आहे. गुडघा दुखतो. तुला आठवणीनं विचारते.

तुझीच,
इंदू


आहुपे,
३० नोव्हेंबर २०२५

वृषाली,

तुझं व्हॉट्सॲपवरचं उत्तर मिळालं. माझ्या चार पानांना तुझ्या चार ओळी. 'इंदू, चिल. फँटसी आहे ती. मुलं हुशार असतात, त्यांना कळतं. आत्याला तर मी अमर केलंय.' आणि शेवटी हात जोडलेलं चित्र. मी ते उत्तर शाळेच्या व्हरांड्यात वाचलं आणि तिथंच पायरीवर बसले.

आता काय झालं ते सांगते. जसं झालं तसं सांगते, मीठमसाला लावत नाही.

प्रत आहुप्याच्या शाळेत पोचली. पोरांनी अक्षरशः फडशा पाडला तिचा. एवढ्या आवडीनं आमची पोरं कधी पुस्तक वाचत नाहीत, ते श्रेय तुझं. नंतर ती आत्याला बघून पळायला लागली. आधी खेळ म्हणून. "पारंबी, पारंबी" ओरडायची आणि हसत पळायची. आत्यालाही वाटलं काहीतरी नवा खेळ आहे, तीही हसायची. मग एकेकाच्या आयांनी त्यांचं तिच्या दारावरून जाणं बंद केलं. हे तिनं मला सांगितलं नाही. येता-जाता पोरांना द्यायला ठेवलेला तिचा ताकाचा माठ भरलेलाच दिसला म्हणून मी विचारलं. म्हणाली, थंडीचं कोण ताक पितं. मी मान्य केलं, बघ. मलाही ते मान्य करायचंच होतं.

सोनलला मुलगा झाला. गेल्या शनिवारी पाचवी होती म्हणून मी मुद्दाम आले. आत्या दुपारपासून तयार. बोलावणं येईल म्हणून नारळ आणि खण काढून ठेवले. दिवेलागण झाली तरी कुणी येईना. मी म्हणाले, राहू दे. ती म्हणाली, "इसरली आसंल अंजना, घरात बाळंतीन म्हंजी काय कमी घाई आसती व्हय?" आणि निघाली. मी मागून.

अंजना दारातच उभी राहिली. तीच अंजना, जी ओट्यावर पुढं बसून टाळ्या वाजवत होती. तिनं दोन्ही हात चौकटीला लावले होते.

"लंकाबाय, राग मानू नगा. पर पाचवीला आत येऊ नगा."

आत्याला वाटलं सुतक-बितक आहे काही. तिनं विचारलं, काय चुकलं माझं. अंजना म्हणाली, पुस्तकात छापलंय. तिची मोठी नात सहावीत आहे, तिनं शाळेतलं पुस्तक घरी आणून सगळं वाचून दाखवलं होतं. आत्या म्हणाली, अगं पण इंदीनं वाचलं की तुमच्यासमोर, त्यात मी पोरं वाचवली. तेव्हा अंजना माझ्याकडं बघून जे बोलली, ते अजून माझ्या कानात आहे.

"इंदीनं वाचलं ते येगळं, छापलंय ते येगळं. त्यात काय न्हवतं, तर हिनं लपवलं कशापाई?"

वृषाली, मग मी वर्गात पोरांना समजावते तसं तिला समजावलं. म्हणाले, कादंबरी म्हणजे मनानं रचलेलं असतं, खोटं असतं. अंजना म्हणाली, मग एष्टी खरी, हिरडा खरा, पाचवी खरी, गोंदण खरं, नाव खरं, आणि एवढंच कसं खोटं? आणि आपल्याच नावाचं पुस्तक ही स्वतः गावभर दाखवत होती, देव्हाऱ्यात ठेवलं होतं. आतून सोनल रडत होती. ती "त्यांना येऊ द्या" म्हणत होती का "नका येऊ देऊ", ते मला कळलं नाही.

मी आत्याला खोटं वाचून दाखवलं ते तिला दुखू नये म्हणून. त्याच खोट्यानं तिच्यावर शिक्का बसला. नुसतं तुझं पुस्तक असतं तर लोक चार दिवस हसले असते आणि विसरले असते. मी लपवलं म्हणून ते खरं ठरलं. करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं म्हणायचीसुद्धा मला लाज वाटते.

आत्या वळली. नारळ आणि खण अंजनाच्या उंबऱ्याबाहेर ठेवले आणि घरी आली. मी तिला विचारलं, जेवतेस का. जेवली. भाकरी मोडून नीट जेवली.

त्यानंतर बाळाला कावीळ झाली. नव्या बाळाला होते तशीच. घोडेगावच्या डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतलं आणि घरी पाठवलं, बाळ आता छान आहे. पण त्या दोन दिवसांत आत्याच्या उंबऱ्यावर कुणीतरी लिंबू आणि काळी बाहुली आणून टाकली. भुताळी, म्हणजे तुझी चेटकीण, हा शब्द आमच्या डोंगरात कथेतला नसतो, एवढं तरी तुला इथं राहून कळायला हवं होतं. आजीच्या काळात खालच्या वाडीतल्या एका बाईला याच शब्दापायी गाव सोडावं लागलं होतं.

मी जुन्नरला जाऊन परीक्षकांना सगळं सांगितलं. चिमाजी गुरुजी डोकं धरून बसले. अश्विनी म्हणाली, वाईट झालं, पण आपण पुस्तक जोखायला बसलोय, गाव नाही. उद्या प्रत्येक गावाला विचारून लिहायचं ठरलं तर कुणी काहीच लिहू शकणार नाही. मी तिच्याशी कडाकडा भांडले. आणि खरं सांगू? ती अगदीच चुकीचं बोलत नव्हती. त्या सगळ्या पुस्तकांत तुझंच चांगलं आहे. भाषा, रचना, भीती, सगळं. ते भिकार असतं तर पोरांनी दोन पानांत टाकून दिलं असतं आणि माझी आत्या आज सुखात असती. मी परीक्षकपद सोडून आले.

हे सगळं वाचून तरी चार ओळींत उत्तर देऊ नकोस.

इंद्रायणी


आहुपे,
१४ डिसेंबर २०२५

वृषाली,

तुझा फोन आला, तू रडलीस, आणि ठरल्याप्रमाणे मीच तुझी समजूत घातली. नव्या आवृत्तीत नाव बदलतेस म्हणालीस, प्रकाशकानं होकार दिला म्हणालीस. बरं झालं. तुझ्याबद्दल मनात होतं ते अर्धं त्या फोननं गेलं. मला वाटलं होतं, आता संपलं. म्हणून हे पत्र लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

गेल्या रविवारी आत्यानं पुस्तक देव्हाऱ्यातून काढलं, पदरानं पुसलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, "आता जसं छापलंय तसं वाच. येक अक्षर गाळू नगंस." मी टाळाटाळ केली. डोळे दुखतात म्हणाले, मोठं आहे म्हणाले. ती समोर बसून तांदूळ निवडत राहिली आणि मी वाचायची वाट बघत राहिली. शेवटी वाचलं. दोन दुपारी लागल्या. तिच्या तोंडाकडं बघायची माझी हिंमत नव्हती, मी पुस्तकात डोकं खुपसून वाचत होते. पारंब्यांतून श्वासाचा आवाज येतो आणि मुक्ता कान लावून ऐकते, तिथं आत्यानं माझा दंड घट्ट धरला. शेवटाला गावकरी लंकाबाईला वडाच्या बुंध्यात बंद करतात आणि गाणी म्हणत घरी जातात, तेही वाचलं. मग पुस्तक मिटलं.

ती म्हणाली, "लई ब्येस लिवलंय पोरीनं. मला माजीच भीती वाटली."

मला हसू फुटलं. तीही हसली. इतका हलका झाला माझा जीव की काय सांगू. म्हटलं, सुटलो. ही बाई आपल्यापेक्षा पक्की आहे, आपणच उगाच घाबरलो. मी उठून चहा टाकला. चहा घेताना तिनं विचारलं, "तिनं सा लिवली न्हवं, परत नेलेली? माजी तर तीनच हाईत."

मी म्हणाले, तीन काय?

मग तिनं सांगितलं. एवढी वर्षं सुईणपण केलं, त्यात तीन बाळं तिच्या हातात गेली. जानकूची पहिली लेक. गोरखचं पोर, जे पायाळू आलं आणि पुरानं ओढ्यापलीकडं जाता आलं नाही. आणि तिसरा माझा पाठचा भाऊ. मला भाऊ झाला होता हेच मला ठाऊक नव्हतं, वृषाली. मी दोन वर्षांची होते, आईनं कधी विषय काढला नाही. आणि मला तो कळला तो असा, चहाचा कप हातात असताना.

मी म्हणाले, मला कधी बोलली नाहीस. ती म्हणाली, कुणालाच बोलले नाही. फक्त वृषालीला. "चुलीपाशी बसली व्हती माज्या, लई मायेनं इचारत व्हती. तिला सांगून हलकं वाटलं मला."

खरं आहे का हे? तू त्या चुलीपाशी बसून ते ऐकलंस? तिच्या आयुष्यातलं तेवढं एकच दुःख ऐकलंस, तिनाची सहा केलीस आणि तिनं मुद्दाम नेली असं लिहिलंस? मला मान्य आहे, लेखकाला सगळं कच्चा माल असतं, अश्विनीनं मला ते नीट समजावून सांगितलंय. लिहिताना तुझ्या मनात वाईट नव्हतं हेही मान्य. पण त्यापुढं आत्यानं मला जे विचारलं, त्याचं उत्तर ना अश्विनीकडं आहे ना माझ्याकडं.

तिनं आपले दोन्ही हात माझ्यापुढं धरले आणि विचारलं, "इंदे, खरं सांग. माज्या हातात काय व्हतं का गं? मला न कळता?"

मी तिच्यावर ओरडलेच. काय बोलतेस, वेडबीड लागलंय का, म्हणाले. ती शांतपणे म्हणाली, "मी आडाणी बाई. ती शिकलेली. मी सांगितलं त्यात तिला काय तरी दिसलं आसंल. उगंच का कोन छापंल?"

मी काय काय सांगितलं म्हणून विचारू नकोस. पायाळू बाळ म्हणजे काय ते सांगितलं, दवाखाना नव्हता ते सांगितलं, तिनं जगवलेल्यांची नावं घेतली, त्यात अंजनाच्या दोन्ही लेकांची पण घेतली. देवाची शपथ घातली. ती सगळं ऐकत होती. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवायला तिनं हात उचलला आणि मधेच मागं घेतला. म्हणाली, "तू मागं बी माज्यासाठी असंच ग्वाड वाचलं व्हतंस."

त्या दिवसापासून ती कुणाला हात लावत नाही. मला वाढते ते ताट खाली ठेवून सरकवते. काल सोनल गावाची नजर चुकवून बाळाला घेऊन आली होती. बिचारी रडली, सासूच्या वतीनं माफी मागितली आणि बाळ आत्याच्या मांडीवर द्यायला पुढं झाली. आत्या भिंतीला पाठ लावून मागं मागं सरकली आणि म्हणाली, लांब धर त्याला. ज्या बाईच्या मांडीवर सोनल स्वतः बाळ द्यायला आली, ती आता स्वतःच दाराबाहेर उभी आहे. मी हे बघते आणि मला काही करता येत नाही. मी तिला एकदा खोटं वाचून दाखवलं, आता माझं खरं तिला खरं वाटत नाही.

तुझ्या पुस्तकाला पहिला पुरस्कार मिळालाय. अजून जाहीर झालेला नाही, मला गुरुजींनी सांगितलं. अभिनंदन. मनापासून म्हणतेय, टोमणा नाही. नाव बदलल्याशिवाय यापुढं डोंगरातल्या शाळांना प्रती जाणार नाहीत, एवढं त्या दोघांनी मान्य केलंय. अठ्ठावीस तारखेला जुन्नरला सत्कार आहे. पण नव्या आवृत्तीत तू कुठलंही नाव घातलंस तरी तिला काय फरक पडणार? तिला वाचता येत नाही.

म्हणून तू ये. त्या व्यासपीठावर चढायच्या आधी ये. मला पत्र नको, फोन नको, माफी तर नकोच नको. चुलीपाशी बस, जिथं बसून तू ते ऐकलंस तिथंच. तिचे हात हातात घे आणि तिला सांग की तुला त्यात काही दिसलं नव्हतं, तू ते मनानं रचलंस. माझ्या तोंडून ती हे ऐकत नाही. या जगात हे सांगू शकेल असं एकच माणूस आहे, ज्यानं ते छापलं.

तिनं हात पुढं केला नाही तर तूच धर.

खऱ्या लंकाबाईची भाची,
इंद्रायणी